एका नावाच्या पाच जणी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी आपण बाहेरून कोणा विद्वान बाईंना बोलावतो. यंदा कार्यकारिणीने ठरविले की सभासदांपैकीच कोणी तरी बोलावे, आणि डब्यातून चिठ्ठी निघाली ती नेमकी माझी. माझे शिक्षण सातवीपर्यंत. उभे राहून तोंडी बोलायला गेले तर अर्धे विसरेन, म्हणून चार दिवस बसून लिहून काढले आहे. तेच वाचून दाखवते. तुम्ही घरच्याच आहात, सांभाळून घ्या.

विषय मला आमच्या धाकटीच्या वहीत सापडला. तिला शाळेत ‘थोर स्त्रिया’ लिहून आणायला सांगितले होते. तिने लिहिले, “पंडिता रमाबाई रानडे यांनी शारदासदन व सेवासदन काढले. त्यांनी बायबलचे भाषांतर केले.” खाली बाईंची बरोबरची खूण होती! मी म्हटले, “अगं, या दोघी निराळ्या. तू एकीच्या अंगावर दोघींची लुगडी नेसवलीस.” तेवढ्यात जाऊबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “रमाबाई म्हणजे त्या थेऊरच्या ना? सती गेल्या त्या?” आणि शेजारच्या काकू दारातच उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “आमच्या रमाई त्या. बाबासाहेबांच्या.” एवढ्याशा घरात पाच मिनिटांत चार रमाबाई झाल्या, आणि प्रत्येकीला वाटत होते की आपलीच खरी.

तेव्हापासून मी वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागले. वाचता वाचता एक पाचवीही निघाली. तिचे नाव त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याच तोंडी आले नव्हते. तिच्याबद्दल पुढे सांगते.

आधी नावाबद्दल. रमा म्हणजे लक्ष्मी. मुलगी जन्मली की आपण म्हणतो लक्ष्मी आली, आणि सून घरात आली तरी लक्ष्मीच आली. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने सुनेचे नवे नाव लिहायचे, मग साखर वाटायची, ही रीत आपल्यापैकी निम्म्याजणींनी स्वतः अनुभवली आहे. ते नाव पुष्कळदा नवऱ्याच्या नावाला शोभेल असे निवडतात. विष्णू असेल तर लक्ष्मी, शंकर असेल तर पार्वती किंवा गौरी. माधव हे विष्णूचे नाव, म्हणून माधवाच्या घरी आलेली मुलगी रमा व्हायची. आता ऐका हं, पेशव्यांच्या घरात माधवराव दोन, आणि दोघांच्याही बायका रमाबाई. पुढे न्यायमूर्ती रानडे. त्यांचे नाव महादेव, पण सगळे त्यांना माधवराव म्हणत. त्यांचीही बायको रमाबाई. अशी रमा-माधवांची तीन जोडपी आपल्या इतिहासात आहेत. मुलांचा गोंधळ होतो तो उगाच नाही.

पण माधवरावांचा गोंधळ होत नाही, हे तुमच्या लक्षात आले का? एक थोरले माधवराव, दुसरे सवाई माधवराव. बाजीराव पहिले आणि बाजीराव दुसरे. पुरुषांची नावे सारखी झाली की इतिहास लिहिणारे त्यांना थोरले म्हणतात, सवाई म्हणतात, नाही तर नंबर तरी देतात. बायकांची नावे सारखी झाली की मात्र कोणाची बायको, एवढेच विचारतात.

थोरल्या माधवरावांच्या रमाबाई आपल्याला जास्त ठाऊक आहेत त्या कादंबरीमुळे. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ साली आली, १९८७ साली त्यावर दूरदर्शनची मालिका झाली, आणि २०१४ साली ‘रमा माधव’ नावाचा सिनेमा आला. पानिपतानंतर १७६१ साली सोळा वर्षांचा मुलगा गादीवर बसला. त्याने विस्कटलेले राज्य पुन्हा जुळवून आणले, आणि सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेला. १८ नोव्हेंबर १७७२, थेऊरच्या चिंतामणीच्या देवळात. त्यांच्याबरोबर रमाबाई सती गेल्या.

आपली अष्टविनायकाची सहल थेऊरला गेली होती, तेव्हा नदीकाठी आपण सगळ्याजणी थांबलो होतो. कोणी हात जोडले, कोणी डोळे पुसले. मीही हात जोडले. पण मनात एक प्रश्न राहून गेला तो आज बोलून दाखवते. त्याच घरात इतर बायका विधवा होऊन जगल्याच की. सासूबाई गोपिकाबाई नानासाहेबांच्या मागे जगल्या. पार्वतीबाईंनी तर सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले हे मानलेच नाही, कुंकू पुसले नाही. आणि त्याच काळात तिकडे माळव्यात अहिल्याबाई होळकर राज्य करीत होत्या. १७५४ साली खंडेराव पडले तेव्हा त्याही सती निघाल्या होत्या. सासऱ्यांनी, मल्हाररावांनी अडविले. त्यांनी अडविले म्हणून आपल्याला अहिल्याबाई मिळाल्या, घाट मिळाले, देवळे मिळाली. थेऊरच्या रमाबाईंना मूलबाळ नव्हते, आणि अडविणारे माणूसही कोणी मिळाले नाही. आपण त्यांच्या निष्ठेला नमस्कार करतो तो करावा. पण त्या जगल्या असत्या तर काय झाल्या असत्या, हा विचारही तिथे उभे राहून एकदा करावा असे मला वाटते.

आता ती पाचवी. सवाई माधवरावांचे पहिले लग्न १७८३ साली पुण्यात झाले. नाना फडणीसांनी ते एवढ्या थाटाने केले की त्या थाटाची वर्णने आजही छापली जातात. त्या लग्नातली नवरी रमाबाई. त्या १७९३ साली वारल्या, नवऱ्याच्या दोन वर्षे आधी. मांडवाचे वर्णन सापडते, जेवणावळींचे सापडते, त्या मुलीचे मात्र फार थोडे सापडते. म्हणून मलाही तिच्याबद्दल एवढेच सांगता येते. पण आज नाव घेतले आहे, तेवढे लक्षात असू द्या.

रानड्यांच्या रमाबाईंकडे आता वळते, त्यांच्याविषयी मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्यासारखी मंडळे निघाली त्याच्या मुळाशी त्या आहेत. २०१२ साली लागलेली ‘उंच माझा झोका’ ही मालिका पुष्कळजणींनी पाहिली असेल. माहेरचे नाव यमुना, आडनाव कुर्लेकर, गाव देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचा जन्मही त्याच गावचा, एवढेसे गाव पण भाग्याचे. जन्म १८६२ सालचा. अकराव्या वर्षी, १८७३ साली, लग्न झाले. रानडे तेव्हा एकतीस वर्षांचे. पहिली बायको नुकतीच गेलेली. लोक म्हणत होते, हे सुधारक, हे आता विधवेशी लग्न करतील. पण वडिलांपुढे त्यांचे चालले नाही, आणि बोहल्यावर उभी राहिली अकरा वर्षांची यमुना. तिची रमा झाली. लोकांनी रानड्यांना बोल लावला तो खरा होता असे मलाही वाटते. पण त्या मुलीला अक्षर येत नव्हते, आणि त्या माणसाने पहिल्यापासून पाटी-पेन्सिल तिच्या हातात दिली, हेही खरेच आहे.

शिकणे सोपे नव्हते हो. दिवसा घरातल्या वडील बायका टोमणे मारीत, अबोला धरीत. रात्री नवरा धडा विचारी. दोन्हीकडून परीक्षा. आपल्या सासुरवासाच्या कथा आपण हळदीकुंकवाला सांगतोच, पण ‘तू वाचतेस’ या अपराधासाठी घरात एकटे पडणे काय असेल ते पाहा. पुढे त्या इंग्रजी शिकल्या. पुण्यात मुलींचे हायस्कूल व्हावे म्हणून गव्हर्नरसाहेबांपुढे भर सभेत त्यांनी इंग्रजीत भाषण वाचले. १८८४ साली शाळा निघाली, तीच आपली हुजूरपागा. सभेत टाळ्या मिळाल्या, आणि घरी आल्यावर बोलणी.

१६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. रमाबाई तेव्हा चाळिशीच्या आत. इथे मला थेऊरची आठवण होते. १७७२ आणि १९०१, मध्ये एकशे एकोणतीस वर्षे. दोन्हीकडे माधवराव गेलेले, दोन्हीकडे मागे रमाबाई, मांडीवर मूल नाही. तेवढ्या वर्षांत १८२९ साली सतीबंदीचा कायदा झाला, १८४८ साली सावित्रीबाईंची शाळा झाली. एक रमाबाई नदीकाठी गेल्या, दुसऱ्या काही काळ घरात बसून राहिल्या आणि मग बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायका कैदी होत्या, त्यांना जाऊन भेटू लागल्या. १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले, तिथे शिवण, वाचन, परिचारिकेचे शिक्षण सुरू केले. विधवा बाईने परक्या रोग्याच्या अंगाला हात लावायचा, ही त्या काळी केवढी गोष्ट! आज दवाखान्यात सिस्टर आपल्याला सुई टोचते तेव्हा आपल्याला काही वाटत नाही, पण त्या सिस्टरच्या वाटेवरचे काटे कोणी तरी आधी काढले आहेत. मुलींना शिक्षण सक्तीचे व्हावे, बायकांना मत द्यायचा हक्क मिळावा, म्हणून शेवटपर्यंत त्या झटल्या. १९२४ साली गेल्या. १९६२ साली सरकारने त्यांच्या नावाचे तिकीट काढले.

त्यांचे पुस्तक आपल्या वाचनालयात आहे, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, १९१० सालचे. जरूर वाचा. त्यात एक गंमत आहे. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही ही रीत, म्हणून पुस्तकभर रानड्यांचा उल्लेख त्या ‘स्वतः’ असा करतात. पुढे पुस्तक इंग्रजीत गेले तेव्हा त्याचे नावही त्या शब्दावरूनच ठेवले. आपण त्याच रीतीतून उखाणे काढले, त्यांनी सर्वनाम काढले. पण बघा, आयुष्य सांगणारी रमाबाई, आणि पुस्तकात ‘स्वतः’ कोण, तर नवरा! माझे मन त्या शब्दावर बराच वेळ अडून राहिले. रागावले असे नाही. त्यांना त्यात मान वाटत होता, प्रेम वाटत होते, ते वाचताना कळते. तरी अडून राहिले.

आता पंडिता. १८८२ साली पुण्यात एक चोवीस वर्षांची विधवा आली, कडेवर एक वर्षाची मुलगी. नाव रमाबाई. हे नाव कोणी तांदळात लिहून दिलेले नव्हते, जन्माचे होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवले, म्हणून गावाने त्यांना छळले. ते उठून पश्चिम घाटात गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म. पुढे सगळे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत फिरले. मुलीला संस्कृत शिकवले ते आईने, लक्ष्मीबाईंनी. पहाटे, कामाला लागण्याआधी, झोपेतून उठवून आई संथा द्यायची. मला हे फार आवडले. रानड्यांच्या रमाबाईंना रात्री नवऱ्याने शिकवले, या रमाबाईंना पहाटे आईने.

दुष्काळात आईवडील अन्नावाचून गेले, बहीण गेली. उरलेली दोघे बहीणभाऊ पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. मग भाऊही गेला. तिने बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. जात निराळी, भाषा निराळी, लग्न नोंदणीचे, आणि तेही १८८० साली. दीड वर्षात तो पटकीने गेला.

अशी ही बाई पुण्यात येऊन आर्य महिला समाज काढते, आणि तिच्या सभांना रानड्यांच्या वीस वर्षांच्या रमाबाई जाऊन बसतात. विचार करा, एका सतरंजीवर दोन रमाबाई! एकीच्या घरातल्या बायका दुसरीच्या सावलीलासुद्धा नाखूश. ‘ती असली बाई, तिच्याकडे तुम्ही जाता’ असे बोलणे रोज ऐकून त्या जात होत्या. आपले मंडळ म्हणजे तरी काय, संध्याकाळची भांडी आटोपून कोणाची तरी नाराजी सोसून बायका एका सतरंजीवर येतात, तेच. आपल्याकडे ते पहिल्यांदा कोणी केले असे मुलींनी विचारले तर त्या १८८२ सालच्या सभांपासून सांगायला हरकत नाही.

पुढचे पुष्कळांना ठाऊक आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, तो समारंभ पाहायला अमेरिकेस गेल्या. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले, मग ते पुण्यास नेले. त्याच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे होते. म्हणजे एका रमाबाईंचे यजमान दुसऱ्या रमाबाईंच्या संस्थेचे पाठीराखे. पण मुलींना धर्म शिकवला जातो अशी ओरड झाली, १८९३ साली रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले, आणि पुण्याने पंडितांना दूर केले. कोणाचे किती चुकले याचा निवाडा माझ्यासारखीने करू नये. पण शारदासदनात पहिल्याप्रथम आलेल्या विधवांत एक गोदूबाई होत्या. त्याच १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केले. हिंगण्याच्या कामाला हातभार लावणाऱ्या बाया कर्वे त्या याच. म्हणजे भांडण झाले तरी बी रुजायचे ते रुजलेच. जाता जाता सांगते, त्या लग्नातही गोदूबाईंचे नाव बदलून आनंदीबाई झाले. पुनर्विवाहासारखी धाडसाची गोष्ट झाली, पण तांदळाचे ताट काही सुटले नाही!

पंडिता पुढे केडगावला गेल्या. १८९६ पासूनच्या दुष्काळात त्या गाडीवाटेने, पायवाटेने हिंडून मुली गोळा करून आणीत. तिथे मुक्ति मिशन उभे राहिले. मुली विणकाम शिकत, घाणा चालवीत, छापखान्यात खिळे जुळवीत. बायबलचे मराठी भाषांतर पंडितांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून स्वतः केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. एकुलती एक मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव स्टेशन लागते, खिडकीतून एकदा तिकडे पाहा.

नावाचे सांगायचे म्हणजे, डोंगरे हे त्यांच्या बापाचे आडनाव, मेधावी नवऱ्याचे. बाप्तिस्म्यात मेरी हे नाव मिळाले, तेही ‘मेरी रमा’ असे. पण लोक त्यांना यातल्या कशानेच ओळखत नाहीत. पंडिता रमाबाई, बस. पाचजणींत ही एकटी अशी, की तिची ओळख सांगायला पुरुषाचे नाव लागत नाही, तिने मिळवलेली पदवी पुरते. म्हणून तर आमच्या धाकटीने त्यांना रानड्यांचे आडनाव चिकटवले. मुलीला वाटले, बाईच्या नावाला शेवटी काही तरी हवेच, नाही तर ते अपुरे दिसते.

तिला हसू नका. मला स्वतःला दोन नावे आहेत. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, रेशनकार्डावर सासरचे. एका कचेरीत अर्ज घेऊन गेले तर खिडकीतल्या साहेबांनी दोन्ही कागद पाहून विचारले, “ही दुसरी बाई कोण? तिला घेऊन या.” मी म्हटले, “साहेब, तिला तिच्या बापाने वीस-बावीस वर्षांपूर्वी निरोप दिला.” ते हसले, पण काम झाले नाही. प्रतिज्ञापत्र करून आणावे लागले, चार खेपा झाल्या. इथे बसलेल्या कितीजणींनी असे प्रतिज्ञापत्र केले आहे? हात वर करायला लावत नाही, मला ठाऊक आहे. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या महाराष्ट्र सरकारने आईचे नाव घालायला लावले आहे, मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे. चांगले झाले. पण आईचे कोणते नाव, ते आपले आपणच ठरवायचे आहे.

शेवटच्या रमाबाई, आमच्या काकूंच्या रमाई. त्यांच्याबद्दल शाळेच्या पुस्तकात थोडे असते, आणि वस्तीतल्या बायकांच्या गाण्यांत पुष्कळ. दापोलीजवळच्या वणंद गावच्या. वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. आईवडील लवकर गेले, मुंबईत नातेवाइकांनी वाढवले. १९०६ साली भायखळ्याच्या मासळी बाजारात, दिवसाचा बाजार उठल्यावर रात्री, भीमराव आंबेडकरांशी लग्न झाले. मंडप म्हणजे बाजाराचेच छप्पर. वर मी नाना फडणीसांनी केलेल्या लग्नाचे सांगितले, आता हे लग्न डोळ्यांपुढे आणा. नवरी दोन्हीकडे रमाबाईच.

१९१३ साली बाबासाहेब शिकायला अमेरिकेस गेले, तिथून विलायतेस. १९१७ साली परत आले, १९२० साली पुन्हा गेले ते १९२३ पर्यंत. ती सगळी वर्षे घर कोणी चालविले? शेण वेचून गोवऱ्या थापून रमाबाईंनी. परळच्या चाळीत. पाच मुले झाली, चार डोळ्यांदेखत गेली, एकटे यशवंत राहिले. मी वर रानड्यांच्या रमाबाईंचे पाटी-पेन्सिलीचे सांगितले. इथे पाटी नवऱ्याच्या हातात होती आणि तिचे मोल गोवऱ्यांनी भरले जात होते. एका घरातला माणूस शिकतो तेव्हा दुसऱ्या माणसाचे काय काय खर्ची पडते, ते कुठल्या पदवीच्या कागदावर लिहिलेले नसते.

त्यांना पंढरपूरला जायचे होते. साधी इच्छा, आपल्या सगळ्यांच्या घरात असते तशी. पण त्या काळी अस्पृश्यांना विठोबाच्या देवळात पाऊल टाकता येत नव्हते. बाबासाहेब म्हणाले की जिथे आपल्याला लांबून उभे राहावे लागते तिथे कशाला जायचे, आपण आपली दुसरी पंढरी करू. ती इच्छा तशीच राहिली. मला आषाढीला दरवर्षी ही गोष्ट आठवते. आपण दर्शनाच्या रांगेला कंटाळतो, आणि या बाईला ती रांगही मिळाली नाही. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्या गेल्या. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यास बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली.

बाबासाहेब त्यांना ‘रामू’ म्हणत. पुढे पाकिस्तानच्या प्रश्नावर त्यांनी मोठा इंग्रजी ग्रंथ लिहिला, तो त्यांनी रामूच्या स्मृतीला अर्पण केला आहे. तिच्या मनाचा चांगुलपणा, वाईट दिवसांत तिने शांतपणे आपल्याबरोबर सोसलेले, हे त्या अर्पणपत्रिकेत सांगितले आहे. त्या जिवंत असताना तसे कधी शब्दांत सांगितले होते का, कोण जाणे. पण जगभरच्या वाचनालयांत ते पुस्तक उघडले की पहिल्या पानांतच वणंदच्या मुलीचे घरातले लाडके नाव छापलेले दिसते. बाकीच्या चौघींना ते भाग्य नाही.

आता माझी एक सूचना आहे, ती कार्यकारिणीपुढे ठेवते आणि बसते. आपल्या मंडळाच्या नोंदवहीत सभासदांची नावे ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’, पुढे सासरचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव अशी आहेत. आपल्यात सुनीता तीन आहेत, मंगल दोन. त्यांना आपण ओळखतो तेसुद्धा दुकानवाल्यांची, मास्तरांची, कोपऱ्यावरची असे. यंदा वहीत दोन रकाने जास्त आखावेत. एकात जन्माचे नाव लिहावे, दुसऱ्यात आईचे. ज्यांना लिहायचे नसेल त्यांनी मोकळे सोडावे, सक्ती नको. मी परवाच चिटणीसबाईंकडून वही मागून घेतली आणि पट्टीने रेघा मारून ठेवल्या आहेत. पहिल्या ओळीत माझे दोन्ही रकाने भरले आहेत. वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलेले आहे. मोडीत सही करणाऱ्या आपल्या आजींनाही ती दाखवा. त्यांच्या आईचे नाव त्या आजवर कोणाला बोलल्या नाहीत असे काल मला म्हणत होत्या.